मागे घेतलेला हात

सफरचंदं पडायला लागली की बायकांच्या रानात एरवी भांडायलाही फुरसत नसे. टोपल्या, चरक, बरण्या, मधमाश्या, आणि चार म्हाताऱ्यांच्या आठ गुडघ्यांची कुरकुर. यंदा मात्र फळं झाडाखाली तशीच पडून राहिली होती. आठवडाभर चौघी एकाच गोष्टीवर बोलत होत्या : मॅरेनला रानात राहायला घ्यायचं की नाही.

मॅरेन ही चौघींतल्या वेल्माची लेक. ती जन्मली तेव्हा दाईने मुलगा झाला म्हणून सांगितलं होतं आणि वेल्मानेही तसंच मानलं होतं. ते मूल कडेवर घेऊन ती ओरेगनच्या या डोंगरात आली तेव्हा रानात तीस बायका होत्या. सगळ्यांनी मिळून जमीन घेतली होती, नवऱ्यांची नि बापांची आडनावं टाकली होती, आणि आयुष्यात हातोडा न धरलेल्या बायका घरं बांधत होत्या. भिंत उभी करताना त्या गात :

नवऱ्याचं नाव बाई, वेशीपाशी गं सोडलं
माझ्याच गं हातानं, माझं कुंपण जोडलं
कुंपणाच्या आत बाई, पाखराला गं थारा
पुरुषाच्या पावलाला, बाहेरचा बाई वारा

गाण्यात होतं तेच नियमात होतं. रानात पुरुष नको. मुलगे असतील तर दहा वर्षांचे होईपर्यंत राहतील, मग त्यांनी बाहेर जायचं. वेल्माचं मूल दहाचं झालं. ज्या रिंगणात, म्हणजे सगळ्या बायकांच्या बैठकीत, हे ठरलं त्यात वेल्माही बसली होती. तिने मुलाला नेब्रास्काच्या बसमध्ये बसवून बापाकडे पाठवलं. मूल रडलं नाही. रडलं असतं तर वेल्माला निदान डोळे पुसायला काहीतरी मिळालं असतं.

परत आल्यावर ती जेवेना. त्या हिवाळ्यात हेझल रोज तिच्या उशाशी बसे आणि चमच्याने पेज पाजल्यासारखं सूप पाजे. गिळ बाई, गिळ, म्हणे. हेझलचा जबडा तेव्हा वाकडा होता, आजही आहे. नवऱ्याने मोडला होता. तसल्या जबड्याने ती वेल्मासाठी सूप आधी स्वतः चाखून बघे, भाजत तर नाही ना म्हणून.

वर्षं गेली. तीस बायकांच्या चार राहिल्या. आणि एका रविवारी फाटकाशी करडी वेणी घातलेली, उंच, रुंद हाडाची एक बाई उभी राहिली आणि म्हणाली, "वेल्मा, मी आलेय." रानातली पोरं आयांना नावानेच हाक मारत. आई म्हणून घेणं म्हणजे बाईने बाकी सगळं हरवणं, असं तेव्हा मानत. त्या हाकेवरून वेल्माने ओळखलं. जुनं नाव तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं, कारण फाटकातल्या बाईने हात पुढे करून सांगितलं, "मॅरेन. आता मॅरेन आहे मी."

तेव्हापासून दर रविवारी मॅरेन येई. लाकडं फोडी, धुराडं झाडी, चौघींतल्या टोबीच्या शिव्या खाई, आणि सूर्य कलला की गाडी काढून निघून जाई. जन्मतः बाई असेल तिनेच रात्री रानात राहायचं, हा नियम कुणी बदलला नव्हता आणि मॅरेननेही कधी विचारलं नव्हतं. आता मात्र खाली गावात ती राहत होती तो घरगाड्यांचा तळ विकला गेला होता. महिनाअखेर सगळ्यांनी जागा सोडायची. अलास्कात एका मैत्रिणीकडे खोली होती, काम होतं. तिकडे गेली की रविवार संपले. वेल्मा अठ्ठ्याहत्तरची होती. रविवार संपले म्हणजे काय ते तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

म्हणून मॅरेनने, उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, काहीतरी मागितलं. "वरची रिकामी झोपडी मला मिळेल का? रिंगणात विचार. विचारशील?"

"विचारीन म्हणजे? विचारणारच," वेल्मा म्हणाली होती.

आठवडाभर मग ओसरीवर कुजकी फळं निवडता निवडता चौघींचं चाललं होतं.

"मला मॅरेन आवडते," हेझल म्हणाली. "ते आधी सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही मला राक्षसीण करून ठेवाल."

"तू आधीपासूनच आहेस. आम्ही कशाला करू?" टोबी म्हणाली. टोबी सुतार. कापलेले केस, दाढेत काडी, पुरुषी चालीची. "ते सडकं फळ टोपलीत कशाला टाकतेस? बघ तरी जरा."

"अर्धं चांगलं आहे. कापून घेईन." हेझलने फळ पुसलं. "मला एवढंच म्हणायचंय टोबी, की माझ्या अंगावर जे झालं ते या अंगामुळे झालं. चौदाव्या वर्षी मामाने हात लावला तो याच अंगाला. तीन पोटं पडली ती याच अंगातून. मी काय वाटून घेते ते कुणी विचारलं नव्हतं गं मला. मी काय आहे ते बघून मला मारलं. आणि आता बाई म्हणजे जिला बाई वाटतं ती, असं असेल, तर मी कशावर उभी राहून सांगू की माझ्यावर झालं ते बाईवर झालं?"

"आणि मॅरेनला कुणी मारलं नाही असं वाटतं तुला?"

"तसं म्हटलं मी?"

"मला बघ," टोबी म्हणाली. "जन्मतः बाई. शिक्कामोर्तब. पण गावातल्या दुकानात बायकांच्या संडासात गेले की पोरी किंचाळतात. परवा एकीने मॅनेजरला बोलावलं. पंच्याहत्तर वर्षांची म्हातारी, लघवी आवरत उभी, आणि तो पोरगा मला विचारतोय, सर, तुम्ही इथे काय करताय? तुमच्या त्या फाटकावर पारख करायला बसवलं ना कुणाला, तर पहिली मी बाहेर."

"तुला कोण बाहेर काढेल, मेले. तुझ्याशिवाय पन्हाळी कोण साफ करेल?"

"मॅरेन करते. दोन वर्षं झाली. तुला वाटतं मी चढते?"

सगळ्या हसल्या. आयरिस, जी रानात सगळ्यांत कमी बोले, बरणीची झाकणं पुसता पुसता म्हणाली, "आपण चौघी मेल्यावर हे रान कुणाचं? एकही तरुण बाई इथे यायला मागत नाही. मी तिला घ्यायच्या बाजूची आहे. तिचा उपयोग आहे म्हणून नव्हे हं. म्हणजे, तेही आहेच. पण ती आपलीच आहे. याच ओसरीवर दात पडले तिचे."

हेझलने हातातलं फळ खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे निघाल्यापासून माझ्याने रात्री झोपवत नाही, वेल्मा. बाहेर जड पाऊल वाजलं की अजून मी पलंगाखाली बघते. पाऊल कुणाचं आहे ते डोक्याला कळतं, अंगाला कळत नाही. पन्नास वर्षांत फक्त इथे झोपले मी. हे एकच ठिकाण होतं. एकच. एवढ्या मोठ्या देशात आम्हाला एक डोंगर पुरत होता."

वेल्मा फळं निवडत राहिली. तिला हेझलचंही पटत होतं आणि टोबीचंही, आणि दोघींचं पटणं म्हणजे दोन बाजूंनी ओढलेल्या चादरीसारखं होतं. फाटायचं तिथे ती होती.

रविवारी रिंगण बसलं. गोल घरात, दिवसाउजेडी, मधोमध लाकडाचं बुटकं मेज. रिंगणाची रीत रानाइतकीच जुनी होती. तीस बायका होत्या तेव्हा मोठ्या आवाजाच्या बायका लहान आवाजाच्या बायकांना वाकवत. म्हणून ठरलं, शेवटचा कौल डोळे मिटून द्यायचा. जिला मान्य तिने हात मेजावर ठेवायचा, तळवा वर करून. जिचा विरोध तिने मूठ ठेवायची, आणि एक मूठ असली तरी गोष्ट बारगळली. जिला पटत नाही पण इतरांच्या आड यायचं नाही, तिने हात मांडीवर मागे घ्यायचा. याला त्या 'बाजूला होणं' म्हणत. मात्र निम्म्याहून अधिक जणी बाजूला झाल्या तर गोष्ट पडली, कारण उचलायला कुणीच नाही ते ओझं उचलायचं कशाला. आणि पडलेली गोष्ट पुढच्या सफरचंदांपर्यंत पुन्हा काढायची नाही. त्या दिवशी रिंगण राखायला आयरिस होती. राखणारीने आपला हात आधी ठेवायचा, मग सगळ्यांच्या आधी डोळे उघडायचे.

बाहेर अंगणात मॅरेन लाकडं फोडत होती. नुसतं बसून वाट बघणं तिला जमलं नसतं. कुऱ्हाडीचा आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता.

"मॅरेनने वरच्या झोपडीत राहावं, रानातली एक म्हणून," आयरिस म्हणाली. "डोळे मिटा."

वेल्माने डोळे मिटले. तिचा उजवा हात मेजाच्या काठापर्यंत गेला होता. शेजारी हेझलचा श्वास ऐकू येत होता, आखूड, नाकातून, वाकड्या जबड्यामुळे शीळ घातल्यासारखा. तो श्वास तिने एक अख्खा हिवाळा उशाशी ऐकला होता. हेझल मूठ ठेवणार नाही, हे तिला ठाऊक होतं. हेझल बाजूला होईल, आणि मग चौघींत ती एकटी पडेल. तिघींचे तळवे उजेडात, आणि तिचा एकटीचा हात मांडीवर. आपल्याच घरात पाहुणी झाल्यासारखी. वेल्माला ते बघवेना, डोळे मिटलेले असूनही. टोबीचा हात आहे, आयरिसचा आहे. दोन हात पुरतात. माझा नसला तरी पोरीला झोपडी मिळते, आणि हेझलच्या शेजारी कुणीतरी असतं. शिवाय आईचा हात तो. आईच्या हाताचं वजन पडतं, आणि पोटच्यासाठी रिंगणात जोर लावू नये असं त्या सगळ्याच मानत.

तिने हात मागे घेतला. तिला हलकं वाटलं. चांगलं काही केल्यासारखं वाटलं, आणि पुढे कितीही वर्षं ती जगली असती तरी ते हलकं वाटणं तिला माफ करता आलं नसतं.

आयरिसने डोळे उघडायला सांगितलं नाही. वेळ गेला. मग ती म्हणाली, "उघडा," आणि तिचा आवाज भलताच होता.

मेजावर काही नव्हतं. ना तळवा, ना मूठ. चार म्हाताऱ्या आपापल्या मांड्यांवर आठ हात ठेवून बसल्या होत्या.

"हे काय?" टोबी म्हणाली. "वेल्मा? तुझा हात कुठाय?"

"तुझा कुठाय?"

"अगं मी... हेझल सकाळी गोठ्यामागे रडत होती. मी पाहिलं. मला वाटलं हिला एकटं नको सोडायला. तू होतीस ना! तू आई आहेस, तुझा तर असणारच, आणि आयरिस..."

"मी राखणारी," आयरिस म्हणाली. तिचे हात अजून मांडीवरच होते, जणू तिथे कुणी शिवून टाकले होते. "राखणारीने पारडं झुकवू नये म्हणून... तुम्ही दोघी होतात. दोघी पुरत होतात."

तिघींनी हेझलकडे पाहिलं. हेझलच्या तोंडाला रंग नव्हता.

"माझ्याकडे काय बघता? मी मूठ नाही ठेवली. मी बाजूला झाले. मॅरेन येणारच हे धरून मी आठवडाभर मनाची तयारी केली. पलंग भिंतीकडे सरकवला काल, पावलांचा आवाज कमी यावा म्हणून." तिने वेल्माच्या दंडाला धरलं. "तुझी पोर आहे ती. तू कशी मागे झालीस? तू कशी झालीस गं?"

"तुझ्यासाठी," वेल्मा म्हणाली.

"मी मागितलं होतं?"

बाहेर कुऱ्हाड पडली. एक ओंडका दुभंगला. मग आवाज थांबला.

"कुणीच नाही म्हटलेलं नाही," टोबी उठत म्हणाली. "एकीनेही नाही. नियम गेला खड्ड्यात. पुन्हा घ्या. डोळे उघडे ठेवून घ्या. आत्ता."

आणि मॅरेन दारात उभी होती. केसांत लाकडाचा भुसा, हातमोजे काढून कमरेला खोचलेले. रिंगणाला लागतो त्याहून जास्त वेळ लागला होता, म्हणून ती आली होती. तिने मेजाकडे पाहिलं, मग एकेकीच्या तोंडाकडे. याच रानात वाढलेली ती. रिकामं मेज म्हणजे नकार, हे तिला विचारावं लागलं नाही.

"कुणाची मूठ?" तिने विचारलं. आवाज शांत होता. "हेझल, तुझी असेल तर सांग. मी रागावणार नाही. तुझं मला कळतं."

"माझी नाही," हेझल म्हणाली. आणि ती रडू लागली.

"मग?"

टोबीने सांगितलं. भरभर, तुटक, शिव्या घालत, स्वतःला आणि इतरांना. हिला वाटलं ती आहे, तिला वाटलं ही आहे. सगळ्या बाजूला झाल्या. चूक झाली, पोरी. म्हाताऱ्यांची चूक. आता लगेच पुन्हा करतोय आम्ही. आणि टोबीने आपला जाड, चट्ट्यांचा हात मेजावर आपटला, तळवा वर करून. आयरिसने ठेवला. हेझलने डोळे पुसले आणि ओल्या बोटांचा आपला हात ठेवला. वेल्माने ठेवला. चार तळवे उजेडात.

मॅरेन बघत राहिली. वेल्माला वाटलं, आता ती हसेल. तिच्या तोंडावर तसं काही येऊ लागलं होतंही, मग ते गेलं.

"वेल्मा," ती म्हणाली, "तूही?"

"हेझल एकटी पडेल म्हणून. मला वाटलं तुझं होतंच आहे..."

"हो. ते कळलं मला." मॅरेन दाराच्या चौकटीला टेकली. "मला ना, नाही म्हणणाऱ्यांची सवय आहे. घरमालक, डॉक्टर, रस्त्यावरची पोरं. त्यांची मूठ दिसते. तिच्याशी भांडता येतं, नाहीतर तिच्यापासून पळता तरी येतं. हेझलने मूठ ठेवली असती तर मी पुढच्या वर्षी पुन्हा आले असते, तिच्याशी वाद घालायला. पण तुम्ही सगळ्या माझ्या बाजूच्या होतात, आणि मला धरायला कुणाचाच हात नव्हता. याच्याशी मी काय करू?"

"आता आहे ना हात," टोबी म्हणाली. "हा बघ! चार आहेत!"

"आता मी दारात उभी आहे, टोबी. डोळे उघडे आहेत. दारात उभ्या असलेल्या माणसाला कोण नाही म्हणतं?"

"मी येते तुझ्याबरोबर," वेल्मा म्हणाली. ती उठलीसुद्धा. "अलास्काला. मला काय लागतं? एक पिशवी भरेन."

मॅरेन जवळ आली. तिने वेल्माचे खांदे धरले आणि तिला पुन्हा खाली बसवलं, हळुवार, रुग्णाला बसवावं तसं. "तू नाही येणार," ती म्हणाली. "रस्त्यात कुठेतरी तुला वाटेल की मागे कुणीतरी एकटं पडलंय. तू वाईट नाहीस, वेल्मा. तुला सगळ्यांचं दिसतं. फक्त मी तुला आधीच मिळालेली वाटते."

मग, मेजावर हात होतेच म्हणून, तिने एकेकीचा हात हातात घेतला, निरोपाला घेतात तसा. टोबीचा. आयरिसचा. हेझलने तिचा हात दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि काहीतरी म्हटलं, पण त्या जबड्यातून रडताना शब्द फुटत नसत. मॅरेन वाकून तिच्या कपाळाशी कपाळ लावून क्षणभर थांबली. वेल्माचा हात तिने शेवटी घेतला. तिचा तळवा खरखरीत आणि ऊन होता. वेल्माला एवढंच सुचलं की हिने जेवण केलेलं नाही.

"जेवून जा."

"नको. उजेड आहे तोवर घाट उतरते."

गाडी सुरू झाली. फाटक उघडल्याचा आवाज आला, मग लावल्याचा. मॅरेनने ते कडीपर्यंत नीट लावलं, गुरं आत येऊ नयेत म्हणून, आणि आवाज वळणावळणाने खाली जात झाडांत विरला.

चौघी बसून राहिल्या. टोबीला उठायचं होतं, चरकाकडे जायचं होतं, काहीतरी मोडायचं नाहीतर दुरुस्त करायचं होतं, पण रिंगण बंद केल्याशिवाय उठायची रीत नव्हती. नियम खड्ड्यात गेला म्हणणारी तीच, आणि तीही बसून राहिली. हेझल वेल्माच्या हाताकडे हात नेत होती आणि अर्ध्यात थांबवत होती. वेल्माला ते दिसत होतं. तिने आपला हात जागचा हलवला नाही. आज कुणी तिला सांभाळून घेतलं असतं तर ती किंचाळली असती.

आयरिस राखणारी होती. बंद करणं तिच्याकडे होतं. मग त्या बायका पहिल्या वर्षापासून विचारत आल्या होत्या ते तिने विचारलं :

"कुणाचं काही सांगायचं राहिलंय?"

वेल्माच्या छातीत सगळं होतं. बस होती, न रडलेलं मूल होतं, तो हिवाळा होता, मांडीवर घेतलेल्या हाताचं ते हलकं हलकं सुख होतं. तिने हेझलकडे पाहिलं. हेझल किती दमलेली दिसत होती. आता काही बोललं तर हिला लागेल, असं वेल्माच्या मनात आलं.

ती गप्प राहिली. टोबी गप्प राहिली. हेझल गप्प राहिली. आणि रानाच्या रीतीप्रमाणे, गप्प राहणं म्हणजे कुणाचं काही राहिलेलं नाही, असं धरून आयरिसने रिंगण बंद केलं.